थंड डाग

प्लायवूडवर, नाणं टाकायच्या फटीच्या बोटभर खाली
तपकिरी रेघ आहे, एकोणीसच्या महापुराची.
तिथवर चढली होती पंचगंगा.
पुढच्या खेळाला सुटे नसावेत.

शौनक निंबाळकर म्हणतो, काका, नुसता उजेड आला तरी चालतंय,
ताराबाई पार्कात कॅफे काढलाय, कोपऱ्यात ठेवायचंय.
म्हटलं, नुसत्या उजेडाला ट्यूबलाइट लाव की.

मागची फळी काढली. वाळलेला गाळ,
झुरळाचं सालपट, कुणाच्या तरी चपलेचा अंगठा.
पडदा मेलेला. टॉर्च तिरका धरला
तर काचेत भाजून बसलेल्या भिंती दिसतात,
शुक्रवार पेठेत वर्षानुवर्षं एकाच जागी उजळलेला चक्रव्यूह.
स्विच पाडला की या मशीनला कुणाचाच स्कोर आठवायचा नाही.
काचेला भिंती तेवढ्या आठवतात.

डावा हात पाठीमागं.
लक्ष्मीपुरीत, जिन्याखालच्या दुकानात
बाबालाल शिकलगारांचा हा पहिला धडा:
"दोन्ही हात आत घातलंस तर करंट काळजातनं जातोय.
एक हात आत, एक ढुंगणावर.
मग मेलास तरी अर्धाच मरशील."

स्क्रू ड्रायव्हरला वायर, वायर चॅसीला,
टोक रबरी टोपीखाली सरकवलं.
काही नाही. सहा वर्षं बंद ट्यूब, काय असणार आत?
तरी दार वाजवून आत जावं.

फ्यूज शाबूत.
सिरीजचा बल्ब भडकला, मंदावला, म्हणजे शॉर्ट नाही.
एकशे दहा व्होल्ट येतायत.
गळ्यात मात्र नारिंगी ठिपका नाही,
एलओटी गप्प.
आउटपुट ट्रान्झिस्टर काढून मोजला, चांगला. परत बसवला.
डबा आला, उघडला नाही.
एलओटीच गेला असेल तर संपलं, आता तो पुण्यातसुद्धा मिळत नाही.
शौनकचे दोन फोन. उचलले नाहीत.

मग चॅसी उलटी केली, भिंग घेतलं.
ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या चौथ्या पायाभोवती
केसाएवढी गोल चीर.
आणि शेजारी पत्र्यावर, निळ्या मार्करनं, मामूंचं तिरकं अक्षर:
"परशा. १४ ऑगस्ट ९७. बघू किती टिकतो."

परशा म्हणजे मी.

उद्या झेंडा, पोरांना सुट्टी, पार्लरचा मालक दारात,
त्यानं एकदा घड्याळ बघितलं आणि मी इस्त्री लवकर उचलली.
मामू बघत होते. म्हणाले फक्त,
"वरनं शिसं पसरलं म्हंजे डाग बसला न्हवं, पोरा.
खालचं तांबं तापाय पायजे."
मला वाटलं होतं, नंतर त्यांनी नीट केला असेल.
नाही केला. नाव लिहून ठेवलं.

आमच्याकडं सोन्याच्या जिनसेला डाग म्हणतात,
धुऊन न जाणाऱ्यालाही डागच.

जुनं शिसं ओढून काढलं, पाय घासला,
इस्त्री टेकवून मनात पाच मोजले.
मग नवं शिसं स्वतःहून आत उतरलं,
पाणी बिळात शिरावं तसं.

शौनक आला तेव्हा स्विच टाकत होतो.
पडदा काळाच.
त्यानं एक कान झाकला. "काका, कसली शिट्टी वाजतीय?"
मला नाही ऐकू येत ती. तो सूर कानातून कधी गेला
कळलंसुद्धा नाही.
"अजून वाजतीय?"
"वाजतीय की. लई बारीक."
मी वाकून गळ्यात बघितलं.
नारिंगी.

चित्र आलं, एका कोपऱ्यात जांभळं.
डिगॉस कॉइल घेऊन दृष्ट काढल्यासारखी फिरवली,
फिरवत फिरवत दारापर्यंत मागं आलो.
कोपरा स्वच्छ. भाजलेल्या भिंतींवर
उजेडाच्या भिंती उभ्या, जराशा सरकून.

याला जुना मोठा रुपया लागतो.
शौनकनं खिसे चाचपले, फोन काढला,
फोनकडं बघितलं, फटीकडं बघितलं.

मी स्क्रूचा डबा उपसायला घेतला.
एखादा असेल तळाशी.