उतरंड

पुंता अरेनासच्या खेकड्यांच्या कारखान्यात
हिशेबाचा संगणक जुना नाही;
त्याच्या आत राहतो तो जुना आहे.
नव्या डेस्कटॉपच्या पोटात आणखी एक डेस्कटॉप,
कारण बेलार्मीनो मान्सियाने लिहिलेला प्रोग्रॅम
दुसऱ्या कुठल्याच घरात पाय ठेवत नाही.

एक बिल उघडायला पाणी उकळण्याइतका वेळ.
एदुविहिस बार्रिया तोवर पाणीच उकळते.

आधी पहारेकरी पाहिले.
व्हायरस शोधणारा एक बाहेर, एक आत,
एकाच खिशाची दोनदा झडती.
बाहेरच्याला सांगितलं, ही चाळीस जीबीची फाइल तुझी नव्हे.
मग मेमरी: पाहुण्याच्या पानात इतकी वाढलेली
की यजमान उपाशी,
आपली भूक डिस्कवर खरडत बसलेला.
थोडी काढून घेतली. दोघेही जेवले.

डिस्क लागेल तशी वाढत गेली होती,
जागा मिळेल तिथे एकेक खोली बांधत.
बिल इथे, त्याची बेरीज तिकडे,
आणि सुईचे मधल्या मधे हेलपाटे.

तरी खरं दुखणं त्याच्याही खाली होतं:
एकोणीस स्नॅपशॉट,
उतरंडीतल्या मडक्यांसारखे एकावर एक.
आकडा मागितला की वरचं म्हणतं,
माझ्याकडे नाही, खालच्याला विचार.
खालचं म्हणतं, त्याच्या खालच्याला.

नावं बेलार्मीनोनेच दिलेली.
प्रिंटर बदलण्याआधी. संपाआधी.
पुन्हा प्रिंटर.
सगळ्यात वर: ऑपरेशनच्या आधी.
नंतरचा नाही.

एदुविहिस मागे उभी राहून वाचत होती.
पुसणार?
पुसत नाही, म्हटलं, खालच्यात ओततो.
हिशेब सगळे राहतील,
फक्त त्या त्या दिवसात परत जाता येणार नाही.
संपाच्या आधी कोण जातंय परत, ती म्हणाली.
मग जरा थांबून: नक्कल घेतलीस ना?
घेतली होती.

संध्याकाळी सहाला सुरू केलं.
सामुद्रधुनीवरचा वारा पत्र्याच्या कानशिलात देत राहिला.
अकरा टक्के. बराच वेळ अकराच टक्के.
ती घरी गेली नाही. का, ते मी विचारलं नाही.
पहाटे तीनला एकच मडकं उरलं,
ते नव्या डिस्कवर नेलं, जिच्यात काही फिरत नाही,
आधीच सगळी जागा आखून, सलग.

जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या सुमाराला येतो.
आठला, अंधारातच, तिने बिल उघडलं.
नीट टेकायच्या आत ते समोर.
तिचा हात केटलकडे निघालेला,
अर्ध्यात थांबला,
मग तरीही बटण दाबलं.

माझं बिल त्याच प्रोग्रॅमात झालं.
कामाच्या वर्णनाला बेलार्मीनोने वीसच अक्षरं ठेवलीत.
चौदा तास लावतोस, ती म्हणाली,
पण तू तर नुसता बसून होतास.
होतो.
बराच विचार करून तिने टाइप केलं:
रात्रभर बसला.
आणि खालच्या ओळीत दोन चहा वजा केले.