पक्कं बिल

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आतल्या बोळात
जुझरभाईंच्या दुकानात तांबं
उभं, आडवं आणि गुंडाळलेलं असतं.
पत्रे भिंतीकडे तोंड करून,
सळ्या कोपऱ्यात, ओल्या छत्र्यांसारख्या एकीला एक टेकून,
आणि तार वरच्या फळीवर,
शिडी लावल्याशिवाय न मिळणारी.

"काय बनवायचंय, ताई?"
गिऱ्हाईक बाई असली की हे आधी विचारतात.
भाव नंतर.

पत्रा बावीस गेज, फूट बाय फूट.
सळी सहा एमएम, तीन फूट.
आणि तार सव्वीस नंबर, इनॅमलची, अर्धा किलो.
पोऱ्यानं रीळ काढून दिलं.
मी टोक चिमटीत धरलं, म्हटलं, ही अठ्ठावीस आहे.
त्यानं मायक्रोमीटर लावला. परत लावला.
मग जुझरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला
आणि पोऱ्याला म्हणाले, चहा सांग.

एकोणीस वर्षं भोसरीत, पंख्यांच्या कारखान्यात
मी वाइंडिंगला होते.
उजव्या अंगठ्याला खाच पडलीय,
रेशनच्या मशीनला तो अंगठा ओळखू येत नाही.
लाल दिवा लागतो.
दुकानदार म्हणतो, दुसरं बोट द्या.

त्या एवढ्या तारेतली वीतभरही माझी नव्हती.
पाळी सुटली की फाटकाशी बायकांची रांग.
"सरवदे, पिशवी."
डबा उघडायचा, छत्री झटकायची,
अंबाडा असेल तर सोडायचा,
कारण एकदा पारू ढोबळेच्या अंबाड्यात
चाळीस ग्रॅम सापडलं होतं.
पोराला दृष्ट लागते, म्हणाली,
तांब्याचं वाळं करायचं होतं.
दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनवर दुसरी बाई.
तेव्हाचा भाव मी मुद्दाम काढला होता.
पाच रुपये वीस पैसे.

काट्यावर पत्रा पाचशे नव्वद भरला.
"बिल हवं का? अठरा टक्के चढतील.
नाहीतर कच्चं देतो, चिठ्ठीवर."
पक्कं द्या.
"नाव?"
सरवदे इंदुमती दगडू.
आडनाव आधी, मस्टरवर असायचं तसं.
"आणि बनवायचं काय, ते राहिलंच."
ठरलं नाही, म्हटलं.
त्यांनी पत्र्याच्या चारही टोकांना
वर्तमानपत्र दुमडून लावलं,
रिक्षात मांडीला लागू नये म्हणून.

उंबऱ्यापाशी आले
आणि पाय थांबले.
समोर हातगाडी, स्कूटर, पाइप घेऊन चाललेला माणूस,
आणि माझ्या हातांनी पिशवी उघडली,
आतलं दिसेल अशी कलती धरली.
धरूनच राहिले.
कोणी बघायला आलं नाही.
मागून एक जण म्हणाला, मावशी, पुढं व्हा ना.

पत्र्याची मी ताटली केली.
तांबं ठोकलं की ताठरतं,
गॅसवर लाल करून पाण्यात सोडलं की पुन्हा मऊ पडतं,
हे तांबट आळीतल्या एका म्हाताऱ्यानं फुकट सांगितलं.
ताटली डुगडुगते.
खालच्या मजल्यावरच्या जोगळेकरांनी विचारलं, ॲश ट्रे का?
सळीचे आकडे केले, तीन. चौथा वाकडा गेला.
तार अजून आहे.
संध्याकाळी लाटण्यावर गुंडाळत बसते,
तीनशे वीस वेढे, एकही दुसऱ्यावर चढत नाही,
मोजायला लागत नाही.
मग सोडवते.

सळीच्या उरलेल्या तुकड्याचं एक वाळं केलंय.
फार लहान झालं, तान्ह्या पायाचं.
पारूचा पोरगा आता तीस-बत्तीसचा असेल,
असला तर कुठे, माहीत नाही.
वाळं आकड्याला टांगलंय.

बिल कपाटात ठेवलं नाही.
पिशवीतच असतं, घडी घालून.
भाजीला निघाले तरी
एकदा चाचपते.