मधली फ्रेम

गेल्या साली चिमणबागेत, शेवटच्या पाळीला,
डोंगरे सरांनी शिटी मारली आणि शाल्मली बाद झाली.
ती म्हणाली, लागलाच नाही.
उज्जैनची परमार म्हणाली, लागला, बोटांना कळतं.
मी म्हणालो, थांबा, माझ्याकडे व्हिडिओ आहे.

सगळे फोनवर वाकले.
एका फ्रेममध्ये परमारचा हात वीतभर मागे.
पुढच्या फ्रेममध्ये हात वेणीच्या पार पलीकडे.
मधे काही नाही.
सेकंदाचे तीस तुकडे करून देणाऱ्या फोनने
नेमका हवा तो तुकडा केलाच नव्हता.
सर म्हणाले, चला, मैदान मोकळं करा.

तेव्हापासून तीस हा आकडा मला सोसत नाही.
कुठल्या थंड ऑफिसात बसून
कुणी ठरवलं, एवढं पुरे या माणसांना?
जेल रोडच्या इरफानने फोन उलटापालटा केला, म्हणाला,
भिया, कॅमेरे में दम है, ऊपर से ताला मार रखा है.

कुलूप म्हणजे एक फाईल, फाईलमधली एक ओळ.
तीसचे साठ केले. चाललं.
साठचे एकशेवीस केले,
हिरवे पट्टे आले आणि फोन मेला.
बटण दाबून धरलं, जिवंत झाला, परत मारला.
पुढे दोनशे चाळीस.
पण तुकडे आठपट आणि शाई तेवढीच,
म्हणून प्रत्येक तुकडा सारवलेल्या भुईसारखा, ना डोळा ना नाक.
मग बिटरेट सतरावरून शंभरावर नेला,
तर कार्डाला गिळवेना, घास अडकायचा.
नवं कार्ड घेतलं तरी जागा पुरेना.
मावशीचं डोहाळजेवण पुसून टाकलं.
तिला अजून सांगितलेलं नाही.

मे महिन्यात फोन तवा व्हायचा,
मी तो गार पाण्याच्या स्टीलच्या बाटलीला रबराने बांधायचो
आणि दिसेल ते घ्यायचो.
आईची फोडणी घेतली :
मोहरीचा एक दाणा उडतो, वर जाऊन थांबतो,
काही आठवल्यासारखं करतो,
मग फुटतो.
आई म्हणाली, इतकं बघून करायचंय काय?

या साली सामना रात्रीचा. तीच परमार.
शाल्मलीने खांबाशी हुलकावणी दिली,
परमारने सूर मारला, दोघी धुळीत.
शिटी वाजली नाही.
उज्जैनच्या मुली ओरडल्या, सरांनी मान हलवली.
कुणी मला व्हिडिओ मागितला नाही,
आणि आहे म्हणून मीही म्हणालो नाही.

घरी, एक वाजता, अंगठ्याने एकेक पुढे सरकवत गेलो.
हात येतो. बोटं सुटी होतात.
नखातली माती दिसते, इतकं स्पष्ट.
वेणीच्या शेंड्याला लावलेला लाल रबर दिसतो.
बोट आणि रबर यांच्यात तांदळाएवढी फट.
पुढची फ्रेम काळी.

फोन बिघडला नव्हता.
हॅलोजन सेकंदाला शंभरदा मंदावतो,
आपण तोच उजेड समजून त्यात खेळतो, जेवतो, भांडतो.
वर इतक्या बारीक तुकड्याच्या वाट्याला
उजेड येऊन येऊन येणार किती.
त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये पुन्हा दिवा,
हात पलीकडे, वेणी हवेत आडवी.
वळताना ती तशीही आडवी होतेच.

शाल्मली मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
ढोपराला हळद लावलेली, केस मोकळे.
म्हणाली, पुन्हा दाखव.
मी दाखवलं. हात, फट, काळं, वेणी.
पुन्हा.
तिसऱ्यांदा माझा अंगठा काळ्यावर थांबला
तेव्हा तिने हातातला लाल रबर बोटावर ताणला, सोडला,
आणि विचारलं,
दादा, वेणी माझ्यात धरतात का?