दोरा आत आहे

कंपनीचा माणूस मंगळवारी येणार.
मंगळवारीच नळाला पाणी, पाचव्या दिवसाचं.
म्हणजे दोन्ही एकदम येणार घरात
आणि मी एकटी,
एका हातात मोटरचा पाइप, एका हातात नकाशा.

नकाशा म्हणजे लाइट बिलाची मागची बाजू.
तीन खोल्या, जिना, गच्ची, टाकी.
पेन्सिलीची एक रेघ
चौकातल्या खांबावरून निघते, खिडकीच्या डोक्यावरून आत शिरते,
पुढं तिचं काय करायचं
ते तीनदा खोडून झालं.

मल्लिनाथ वायरमन सांगून गेलाय:
काचेची तार आहे, अक्का, केसाएवढी.
वाकव, पण वळण वाटीपेक्षा लहान नको,
नाहीतर आतला उजेड सांडतो.
तेव्हापासून आमटीची वाटी घेऊन
मी घरातला एकेक कोपरा मापते.
आई विचारते, काय करायलीस गं?
मी म्हणते, उजेड सांडतो का बघायले.

डबा कुठं बसवायचा यावर दोन जेवणं झाली.
देवळीत नाही, तिथं मार्कंडेय आहेत,
त्यांच्या कानाशी रात्रभर कोण लुकलुकणार.
फ्रिजच्या मागं नाही. आरशाच्या मागं नाही.
लोखंडी कपाटाच्या आड तर नाहीच.
अंबादास म्हणतो, माझ्या खोलीत.
अंबादासला खोली नाही,
जिन्याखाली खाट आहे.
भिंती दीड फूट दगडाच्या.
जेवायला ये म्हणून मारलेली हाक जिथं पोचत नाही
तिथं वायफाय काय पोचणार!
तेव्हा प्रत्येक खोलीला वेगळी वायर, वेगळी नळी,
आणि जे काही ठरायचं ते गिलावा व्हायच्या आत.

राहिली मागाची खोली.
माग नाही. किलोवर गेला, त्याला सहा वर्षं झाली.
फरशीत चार बोल्ट आहेत अजून,
अंधारात अंगठ्याला सापडतात.
माझं टेबल तिथंच येणार.
टॉवेलांच्या किनारी मी कॉम्प्युटरवर काढते,
मोर, वेल, कुठल्या कुठल्या हॉटेलांची नावं,
आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्याला पाठवते.
एक फाइल जाईपर्यंत भाकरी कडक होते.
अप्पांना सांगितलं, खोलीला नळी न्यायचीय.
ते म्हणाले, ने की.
एवढंच.

नळीला तीन वळणं आली.
मल्लिनाथची स्प्रिंग दुसऱ्याला अडकली.
पुढून घातली, मागून घातली,
मग नळीच्या सात पिढ्या काढून तो जेवायला गेला.

अप्पा उठले.
कुठल्याशा डब्यातून जुन्या सुताचं कोन आणलं,
टोकाला चिमूटभर कापूस बांधला, सैल,
मला म्हणाले, इथं सोड आणि सूत मोकळं ठेव.
स्वतः मागाच्या खोलीत जाऊन
उकिडवे बसले, नळीला तोंड लावलं
आणि श्वास ओढला.

धोट्याच्या डोळ्यातून सूत असंच ओढायचे ते,
ओठांनी, प्रत्येक कांडीला,
पाळीला किती वेळा ते कोणी मोजलं नाही.
माझ्या बोटांतून सूत सरकलं. थांबलं.
भिंतीपलीकडून खोकला आला, बराच वेळ.
मी म्हटलं, राहू द्या अप्पा.
पुन्हा सरकलं.
तिसऱ्या दमाला कापूस त्यांच्या ओठांवर होता.
तो थुंकून म्हणाले, बांध आता तुझी वायर,
आणि ओट्यावर जाऊन बसले,
पाठ आमच्याकडं.

मल्लिनाथ ढेकर देत आला, बघितलं, गप्प झाला.
मग म्हणाला, वायरीबरोबर दुसरा दोरा पण ओढू,
तो काढायचा नाही हं, आतच ठेवायचा,
उद्या अजून एखादी टाकायची झाली तर लागतो.

बिलाच्या मागं, मागाच्या खोलीपाशी
मी बारीक अक्षरात लिहून ठेवलं: दोरा आत आहे.
त्याखाली: मंगळवारी पाणी कोण भरणार?