पालथी नक्षी

फेजच्या चिंचोळ्या गल्लीत
उस्ताद बूशता जमिनीवर मांडतो
आठ टोकांचा तारा.
पालथा.

झिलई खाली, पाठ वर.
पाठी साऱ्या सारख्याच मातकट;
निळा कुठला, मधाळ कुठला,
त्याचं त्यालाच ठाऊक.

"चुकलं तर?"
अल्लालचा पहिलाच आठवडा.
म्हातारा एका कडेवरून बोट फिरवतो:
"रंग टोपलीत असतो, पोरा.
कोन बोटात.
आणि कोन खोटं बोलत नाही."

वर गिलावा ओततात.
तिसऱ्या दिवशी सहा जण हाश्शहुश्श करत
अख्खा पट उलथतात.
गल्ली गोळा होते,
गाढववालासुद्धा थांबतो.

बूशता मागच्या अंगणात.
मोतीबिंदू पिकून चार वर्षं झाली.
अल्लाल धावत येतो, धाप लागलेला,
शब्द सापडत नाहीत त्याला.

"चहात साखर कमी पडली,"
म्हणतो बूशता.