रिकामी तागडी

छत्तीस वर्षं मी इंदूरच्या वजनांवर शिक्का मारला.
छावणीची धान्यमंडी, सियागंज, मारोठिया,
सराफ्यातल्या त्या नाजूक तागड्या
ज्या श्वासानेही झुकतात.
मखमली पेटीत पितळेची पिल्लं निजवलेली,
पेटी आधी सायकलच्या कॅरिअरला, मग लूनावर.

वजन करण्याआधी एक काम असतं,
गिऱ्हाइकाला ते दिसत नाही.
तागडी रिकामी बघायची.
पंखा बंद करायला लावायचा, हात पाठीमागे,
आणि थांबायचं
काटा आपणहून मधोमध येईपर्यंत.

घरी दर रविवारी पोह्यांवर देव निघायचा.
माझे मेहुणे विश्राम रेटरेकर, वीज मंडळात,
म्हणायचे, जिथे मीटर हलत नाही
तिथे करंट आहे असं मी लिहून देत नाही.
मंदाकिनी कढईतून मान वर न करता,
मीटर काढून नेलं म्हणून
शॉक लागायचा राहतो का रे?
मग दोघं माझ्याकडे बघत.
तुम्ही सांगा. शिक्का तुमच्याकडे आहे.

मी जिरावण मागायचो.

काय सांगणार होतो?
आमच्या दाखल्यात एक रकाना असतो, किमान क्षमता.
त्याच्या खाली तागडी खोटं बोलत नाही,
बोलतच नाही.
तिच्या गप्प बसण्यापुढे 'काही नाही' असं लिहिलं
तर तो माझा आवाज झाला, तिचा नव्हे.
'आहे' लिहिलं तरी माझाच.

छावणीतले बाकलीवाल सेठ
पहिल्या पोत्याआधी तराजूला हात जोडत.
एकदा विचारलं, सेठजी, कोणाला?
हसले. आमच्यात जग बनवणारा कोणी नाही साहेब.
मग हात?
हात रिकामे होते, म्हणाले, म्हणून जोडले.
आणि उलट मलाच विचारलं,
तुमचा किलो खरा कशावरून?
म्हटलं, भोपाळच्या किलोवरून.
तो? दिल्लीच्या.
तो? पॅरिसला एक होता, काचेखाली काच.
आणि तो?
त्याला कोणी तोललं नव्हतं.
त्याच्याशी तोलायचं, एवढंच ठरलं होतं.
आता तर म्हणे तोही रिटायर झाला,
किलो म्हणजे नुसता एक आकडा,
कागदावर नेमलेला.
सेठनी त्या दिवशी चहात साखर जास्त घातली.
मी ते घरी सांगितलं नाही. कोणाच्या बाजूने सांगू?

मग मंदाकिनी एमवायमध्ये, सात नंबर वॉर्ड.
रोज सकाळी सिस्टर तिला काट्यावर उभी करायची,
आम्ही दोघं दोन बगलांना.
एक्केचाळीस. साडेचाळीस. चाळीस.
पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं,
तो काटा साडेतीनशे ग्रॅम जास्त दाखवतो,
रिकामा असतानाच शून्याच्या पुढे उभा.
एक स्क्रू, अर्धा फेरा.
माझ्या खिशात पेचकस होता. नेहमी असायचा.

छत्तीस वर्षांत तेवढी एकच चूक
मी चालू दिली.

विश्राम आकडे वहीत उतरवून घ्यायचे.
आकडा शंभर ग्रॅमने चढला
की जिन्यात जाऊन नाक शिंकरायचे.
आणि ती मला म्हणाली,
मी काही मागितलं नाही हो त्याच्याकडे.
मग काय बोलता इतका वेळ?
सांगते, म्हणाली. इकडचं तिकडचं.
तुमच्या पेचकसाबद्दलही सांगितलं.

तिला कसं कळलं, मला माहीत नाही.
हा पुरावा नव्हे. खिसा फुगलेला दिसत असेल.

आता विश्राम रविवारी येतात तेव्हा
पोहे बाहेरून आणतो. पेपर वाचतो. पानं वाटून घेतो.
देव कोणी काढत नाही.
परवा मीच म्हणालो, कसं सुचलं कोण जाणे,
मीटर काढून नेलं म्हणून
शॉक लागायचा राहतो का रे?

विश्रामनी चमचा खाली ठेवला.
लाइट गेलेली होती, त्यांच्याच मंडळाची,
पंखा फिरत फिरत थांबत होता.
त्यांचे हात मांडीवर, माझे पाठीमागे.
आम्ही दोघं
तो पुरता थांबायची वाट बघत बसलो.