चोवीस बाटल्या

सियागंजातून आणलेल्या जवाला
ऋजुतानं गच्चीवर ओल्या पोत्यात मोड आणले.
चौथ्या दिवशी काकडीसारखा वास.
कठड्यापलीकडून बिल्लोरेजींनी विचारलं,
"भिया, गाय पाळ रिये हो क्या?"
मी हो म्हणालो.

जानेवारी होता.
बंगळुरूची नोकरी सोडून ती आली होती
आणि का ते सांगत नव्हती.
सांगत होती ते भलतंच:
पाणी अडुसष्टच्या वर जाऊ द्यायचं नाही,
काळा गूळ दोन किलो,
लाहौलहून पार्सलनं आलेली हॉप्सची बोंडं
हाताला लावून वास घ्या बाबा, मग टाका.

तीस वर्षं मी नर्मदेच्या पाण्यातलं क्लोरीन मोजलं,
जलूदच्या पंपापासून आमच्या नळापर्यंत.
ते तिनं एका संध्याकाळी
मुंजीच्या पातेल्यात उकळून घालवलं.

"एम.टेक. यासाठी केलंस?" मी म्हटलं.
तिचा डाव थांबला नाही.
"तुम्ही जन्मभर पाणी मोजलंत.
कधी चाखलंत?"
सुनीतीनं खिडकी उघडली. वाफ बाहेर गेली,
आम्ही दोघं आतच राहिलो.

मग पंधरा रात्री देवघराच्या बाजूला
निळ्या पिंपातून
बुडुक,
बराच वेळ काही नाही,
बुडुक.

मार्चात चोवीस बाटल्या, पेन्सिलीनं तारीख.
गेरच्या दुसऱ्या दिवशी ती गेली,
कानामागचा जांभळा रंग तसाच.
विमानतळावर एवढंच म्हणाली:
वर्षभर हात लावायचा नाही. फार कडक आहे.

मी एप्रिलात एक उघडली.
नाकात स्पिरिट. घशात ठसका.
जिभेवर करपलेला गूळ आणि त्याच्यामागून
कडू, रांगेत उभं असल्यासारखं कडू.
फोन केला.
"सांगितलं होतं ना!
बाबा, काय करून राहिले तुम्ही तिथे?"
वीस मिनिटं झापत होती.
जेवण झाल्यावर मी उरलेला पेला संपवला.

उन्हाळाभर जिन्याखाली ओली पोती,
खिळ्याला प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर.
मेमध्ये तरी एक फुटलीच, रात्री दीडला.
त्या वर्षीच्या कुरडयांना कसला वास येतो
ते सुनीतीनं व्याह्यांना सांगितलं नाही.

अनंत चतुर्दशीला झाक्या बघून परतलो
तेव्हा पहाट होत होती. एक उघडली.
ठसका निम्म्यावर. खारीक.
चिंचेची एक बारीक रेघ,
आणि शाळेच्या दप्तराचं कातडं, पावसात भिजलेलं.
सगळं वहीत लिहून तिला वाचून दाखवलं.
"छान," ती म्हणाली. पुण्यात नवी नोकरी लागली होती,
मीटिंग होती.

वर्ष भरल्यावर कर्णिकांना बोलावलं,
बरोबर लवंगी शेव. दोन बाटल्या.
कर्णिक आधी काही बोललेच नाहीत,
मग चष्मा काढून म्हणाले, "ही घरी केली?"
खरंच, धार गेली होती.
कडू आणि गोड आता
एकाच पानावर जेवणाऱ्या जुन्या भावांसारखे,
मीठ न मागता पुढे सरकवणारे.
पोटात ऊब, घशात काहीच नाही.

घशात काहीच नाही, हे मी वहीत दोनदा लिहिलं.

तिला कळवलं.
"असंच व्हायला हवं होतं बाबा."
आणि थंडीत स्वेटर घालते का?
"हो बाबा."
आणि ते गृहकर्जाचं मी म्हणतो तसं?
"तुम्ही म्हणाल तसं, बाबा."
किती मऊ आवाज.
फोन ठेवला आणि जिन्याखाली जाऊन
उगाच बाटल्या मोजल्या. एकोणीस.

काल छावणीतून पाच किलो जव आणले.
बिल्लोरेजींनी गायीची चौकशी केली.
रात्री तिला म्हटलं,
या खेपेला मोड दोनच दिवसांत काढतो,
आणि पाणी चांगलं खळखळ उकळून घेतो,
जव त्यातच टाकतो.

पलीकडे शांतता.
मग:
"खळखळ? बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?
एवढं शिकवलं ते सगळं..."

सुनीतीनं हातानंच विचारलं, कोण?
मी बोट ओठांवर ठेवलं
आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला.